कोल्हापूर ते नांदेड: 426, 265 की 230?

प्रवासाचे प्रश्न, वाचकांचे

या वेळी पत्रांमध्ये छोट्या विमानतळांबद्दलच बरंच आलंय. मी नौपाड्यातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात 22 वर्षं तिकिटं काढली, त्यामुळे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि पहिल्याच पत्राला उत्तर देताना हात आखडता घेतलेला नाही. बाकीच्यांना थोडक्यात दिलंय, राग मानू नका.

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी आई नांदेडला असते, वय 82. माझा मुलगा नोकरीसाठी कोल्हापूरला असतो, त्याने तिकडे घर घेतलंय आणि फेब्रुवारीत वास्तुशांत आहे. आजी आलीच पाहिजे असा त्याचा हट्ट आहे. आईला पाठीचं दुखणं आहे, गाडीत दोन तासांच्या वर बसवत नाही, म्हणून म्हटलं विमानाचं बघू. मोबाइलवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर शोधलं तर एका ठिकाणी 426 आलं, दुसऱ्या ठिकाणी 265, तिसऱ्या ठिकाणी 230. वेळ एकीकडे 32 मिनिटं आणि एकीकडे 1 तास 2 मिनिटं. यातलं खरं काय धरायचं आणि आईला पाठवायचं का? — एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर: ताई, तीनही आकडे खरे आहेत आणि तीनही एकच आहेत. 426 किलोमीटर म्हणजेच 265 मैल आणि तेच 230 नॉटिकल मैल. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर आकडा ठळक दिसतो आणि पुढचं केएम, एमआय, एनएम हे बारीक अक्षर नजरेतून सुटतं, आमच्याकडे ऑफिसात येणारी कितीतरी माणसं यात गोंधळायची. आपला नेहमीचा मैल 1.609 किलोमीटरचा, आणि विमानवाले आणि जहाजवाले वापरतात तो नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा. हा दुसरा मैल पृथ्वीच्या मापातूनच आलाय, अक्षांशाचं एक अंश घ्या, त्याचे 60 भाग करा, एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. म्हणून तर वैमानिकांना तो सोयीचा पडतो.

आता हे 426 येतं कुठून ते कागद-पेन घेऊन करून बघा, दहावीतलं पायथागोरस पुरतं. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे, त्याचे अक्षांश 16.66 आणि रेखांश 74.29. नांदेडचे 19.18 आणि 77.32. अक्षांशातला फरक आला 2.52 अंश, एक अंश 111 किलोमीटरचा, म्हणजे नांदेड कोल्हापूरच्या 280 किलोमीटर उत्तरेला. रेखांशातला फरक 3.03 अंश, पण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येत जातात त्यामुळे इथे 111 धरून चालत नाही, आपल्या या पट्ट्यात एक अंश साधारण 106 किलोमीटरचा पडतो. 3.03 गुणिले 106 म्हणजे 321, तेवढं पूर्वेला. आता 280 चा वर्ग 78,400 आणि 321 चा वर्ग 1,03,041, बेरीज 1,81,441, त्याचं वर्गमूळ 426. साइट हेच करते, फक्त पृथ्वी गोल असल्याचा हिशोब ती जास्त काटेकोर धरते. एवढ्या जवळच्या गावांना त्याने एखाददुसऱ्या किलोमीटरचाच फरक पडतो.

म्हणजे हे अंतर नकाशावर दोरा ताणून धरल्यासारखं आहे. तो दोरा कोल्हापूरहून निघाला की मिरजेजवळून, मंगळवेढ्याच्या बाजूने, धाराशिवला जवळजवळ स्पर्श करून लातूरच्या शेजारून नांदेडला पोचतो. आणि गंमत बघा, रत्नागिरी-नागपूर महामार्ग पण साधारण ह्याच वाटेने जातो, सांगली, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड. त्यामुळे रस्त्याचं अंतरही फार फुगत नाही, पाचशेच्या आत-बाहेर. सगळीकडे असं नसतं हं. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ आणि कोल्हापूर यांच्यातलं सरळ अंतर जेमतेम 110 किलोमीटर, पण मधे सह्याद्री उभा आहे, घाट चढून रस्त्याने दीडशेच्या आसपास होतं आणि वेळ तर किलोमीटरच्या मानाने कितीतरी जास्त जातो.

आता वेळेचं. 32 मिनिटं हा आकडा डोक्यातून काढून टाका. ती साइट 426 ला ताशी 800 किलोमीटरने भागते, आणि उत्तर 32 मिनिटं. विमान धावपट्टीवर उभं असतानाच 800 च्या वेगात असतं आणि पोचताना त्याच वेगात जमिनीला टेकतं असं धरलं तरच हे जमेल. दुसरी साइट त्यातच 30 मिनिटं मिळवते, चढायला, उतरायला, जमिनीवर फिरायला, म्हणून 1 तास 2 मिनिटं. हे जास्त शहाणपणाचं आहे. पण त्यातही विमान कुठलं हे तिला माहीत नसतं.

छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर 72 असतं, पंख्याचं, सत्तर-पंच्याहत्तर सीटचं. ते सरळ उडत असताना ताशी 500 च्या आसपास जातं. माझा ऑफिसातला ठोकताळा असा होता की एटीआर असेल तर किलोमीटरला 500 ने भागायचं, मिनिटं काढायची आणि वर 20 ते 25 मिळवायची. तुमच्या बाबतीत 51 अधिक 20-25, म्हणजे 1 तास 10 ते 15 मिनिटं. एम्ब्रेअर 175 सारखं छोटं जेट असेल तर दहाएक मिनिटं वाचतात, त्याहून जास्त नाही, कारण एवढ्या अंतरात जेटला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नाही, वर गेलं की खाली यायची तयारी सुरू.

मग येतो वारा आणि धावपट्टीची दिशा, आणि हे मला सांगायलाच आवडतं कारण साइटवर ते कुठेच नसतं. धावपट्टीवर मोठ्या अक्षरात नंबर लिहिलेला असतो, त्याला शून्य जोडलं की होकायंत्रावरची दिशा मिळते. कोल्हापूरची धावपट्टी 07 आणि 25, म्हणजे एका टोकाकडून उडालं तर तोंड 70 अंशाला, पूर्वेकडे, दुसऱ्या टोकाकडून 250 अंशाला, पश्चिमेकडे. नांदेडची 10 आणि 28. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं. पश्चिमेचा वारा असताना कोल्हापूरहून नांदेडला निघालेलं विमान आधी उलट्या दिशेला, पश्चिमेला उडणार, मग वळसा घालून ईशान्येला लागणार, आणि नांदेडला पोचल्यावर गाव ओलांडून पुढे जाऊन परत पश्चिमेला तोंड करून उतरणार. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं गेली. तुमच्या आई मात्र नांदेडहून कोल्हापूरला येणार. त्या दिशेला, वारा पश्चिमेचाच असेल तर, नांदेडला 28 वरून उडालं की थोडंसं डावीकडे वळलं की झालं कोल्हापूरच्या वाटेवर, आणि कोल्हापूरला 25 वर जवळजवळ सरळच येऊन उतरता येतं. वर हवेत तोच वारा समोरून येतो आणि थोडा अडवतो, ताशी 50 चा वारा समोरून असला तर 51 मिनिटांची 57 होतात, पण वळसे वाचल्यामुळे ते भरून निघतं. म्हणजे जाताना आणि येतानाच्या वेळा वेगळ्या छापलेल्या दिसल्या तर ती चूक नसते.

आणखी एक, तिकिटावरची वेळ ही उड्डाणाची वेळ नसतेच. विमान जागेवरून हललं तिथपासून पुढच्या गावी जागेवर येऊन थांबलं तिथपर्यंतची ती वेळ. मी मागे जळगावला मावशीकडे गेले होते तेव्हा सवयीने वहीत सगळ्या वेळा लिहिल्या होत्या, वही अजून आहे, तीच समोर घेऊन लिहितेय. नौपाड्यातलं घर सोडलं 6:10 ला. टर्मिनलवर 7:05. विमानाचं दार बंद झालं 8:52 ला. पंखे फिरायला लागले 8:58, आधी उजवीकडचा, मग डावीकडचा. मग आम्ही रांगेत हळूहळू पुढे सरकत राहिलो, खिडकीतून मोठमोठी विमानं एकामागून एक जाताना दिसत होती, आणि आमची चाकं जमिनीवरून सुटली 9:21 ला. जळगावला टेकलो 10:14, दार उघडलं 10:20, आणि बॅग घेऊन बाहेर रिक्षात बसले तेव्हा 10:32 झाले होते. आता हिशोब करा. मुंबई ते जळगाव सरळ अंतर 356 किलोमीटर, हवेत 53 मिनिटं, म्हणजे सरासरी वेग ताशी 400 च्या आसपासच पडला. आणि घर ते रिक्षा एकूण 4 तास 22 मिनिटं, त्यातली हवेतली 53, म्हणजे पाचवा हिस्सा. ठाण्याहून जळगावची रेल्वे साधारण सहा तास घेते, आणि स्टेशन घरापासून चालत.

पण त्या वहीतल्या शेवटच्या दोन वेळा परत बघा, 10:20 आणि 10:32. दार उघडल्यापासून रिक्षात बसेपर्यंत 12 मिनिटं! छोट्या विमानतळाचं खरं बळ हे आहे. विमानातून उतरलं की चालत इमारतीत, पट्टा एकच, त्याच्यावर आपलीच बॅग, बाहेर पडलं की समोर रिक्षा. मोठ्या विमानतळावर एवढा वेळ नुसता एरोब्रिजवरून, म्हणजे विमानाच्या दाराला जोडतात त्या बोगद्यातून, पट्ट्यापर्यंत चालण्यात जातो. तुमच्या प्रवासात दोन्ही टोकं छोटी आहेत, म्हणून तो फायदा तुम्हाला दोनदा मिळणार. नांदेडला घरून विमानतळ अर्धा तास, काउंटर तासभर आधी बंद होतं म्हणून दीड-दोन तास आधी पोचायचं, मग सव्वा तासाचं विमान, उतरून बाहेर पंधरा मिनिटं, आणि उजळाईवाडीहून मुलाचं घर अर्धा तास. चार-साडेचार तास झाले. गाडीने नऊ-दहा.

म्हणून माझं मत सरळ सांगते. थेट विमान ज्या वारी असेल तो वार धरा, वास्तुशांतीच्या दिवशीचं बघू नका, दोन दिवस आधी आलं तरी चालेल, आजी नातवाकडे दोन दिवस जास्त राहील. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे फेब्रुवारीसाठी हिवाळ्याचं वेळापत्रक बघा, जुनी माहिती धरू नका. अंतर सांगणारी साइट त्या दोन गावांमध्ये विमान जातं की नाही हे बघतच नाही, ती कुठल्याही दोन ठिपक्यांमधलं अंतर सांगते.

थेट नसेल आणि कोणी म्हणालं हैदराबादवरून घ्या, तर थांबा. नांदेड-हैदराबाद 246 किलोमीटर आणि हैदराबाद-कोल्हापूर 445, एकूण 691, म्हणजे दीडपटीहून जास्त. अंतराचं काही नाही हो, पण दोनदा चढणं, दोनदा उतरणं, मधे मोठ्या विमानतळावर तीन-चार तास खुर्चीत बसणं, हे 82 वर्षांच्या दुखऱ्या पाठीला नऊ तासांच्या गाडीइतकंच जड आहे. तसं असेल तर मी तरी गाडीच सांगेन, पण दोन दिवसांत. पहिल्या दिवशी नांदेड ते सोलापूर, मधे लातूरला जेवण आणि तासभर आडवं पडणं, रात्री सोलापूरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सावकाश कोल्हापूर. मागची सीट पूर्ण त्यांच्यासाठी मोकळी ठेवा.

थेट विमान मिळालं तर बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागा, किमान 48 तास आधी त्यांच्याकडे नोंद हवी. आणि एटीआर असेल तर हे विचाराच की वर चढवायची सोय काय आहे, कारण त्याला मागच्या दाराला जोडलेला छोटा जिना असतो, एरोब्रिज लागत नाही. पायऱ्या थोड्याच असतात पण अरुंद, आणि पाठ दुखणाऱ्या माणसाला शेवटची पायरी अवघड जाते. मागचं दार म्हणजे मागच्या रांगेतली सीट घ्या, आत गेल्यावर चालायला कमी. आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: आम्ही खारघरला राहतो, गाव कोल्हापूर. नवी मुंबईहून गेलं तर कोल्हापूर जवळ पडेल ना? किती वेळ वाचेल? — एक वाचक, खारघर

उत्तर: काका, हवेत दोन मिनिटं वाचतील. खरंच तेवढीच. जुन्या मुंबई विमानतळाहून कोल्हापूर सरळ 309 किलोमीटर आहे आणि उलव्याच्या नव्या विमानतळाहून साधारण 290. एटीआरला 19 किलोमीटरला दोन-सव्वादोन मिनिटं लागतात.

पण तुमचा फायदा हवेत नाहीच, तो जमिनीवर आहे. खारघरहून सांताक्रूझला किंवा सहारला जायचं म्हणजे वाशीचा पूल, मानखुर्द, चेंबूर आणि तिथून पुढे, सकाळच्या वेळी किती वेळ लागेल सांगता येत नाही म्हणून माणूस तासभर जास्तीचा हातात ठेवून निघतो. नवा विमानतळ तुमच्या अंगणातच म्हणायचा. तिथून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमानं सुटायला लागली आहेत. तेव्हा दोन्हीकडून विमान असेल आणि पाचशे-सातशे रुपयांचा फरक असेल तर टॅक्सीचं भाडं त्यात धरून मगच स्वस्त-महाग ठरवा.

आम्हा ठाणेकरांचं मात्र तसं नाही. आम्हाला आजही अंधेरीची बाजू बरी पडते, ठाण्याहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रो 1 ने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो 3 बदलली की पुढचंच स्टेशन टर्मिनल 2, आणि त्याच मेट्रोने टर्मिनल 1 पण. मोठी बॅग नसेल तर हाच रस्ता, वेळ ठरलेला.

एक कळकळीची विनंती, तिकीट काढताना तीन अक्षरं वाचा. बीओएम म्हणजे जुना विमानतळ आणि एनएमआय म्हणजे नवा. बुकिंगच्या पानावर दोन्ही "मुंबई" खाली एकत्रच दिसतात. सरळ रेषेत दोन्हींमध्ये 24 किलोमीटरच आहेत, पण चुकीच्या दारात उभं राहिल्यावर ते 24 किलोमीटर कापून काउंटर बंद व्हायच्या आत पोचणं जवळजवळ अशक्य. घरातल्या मोठ्या माणसांना तिकीट पाठवताना मेसेजमध्ये विमानतळाचं नाव मराठीत लिहून द्या, "उलवे" किंवा "अंधेरी" एवढं जरी लिहिलं तरी पुरतं.

प्रश्न: छोट्या गावांमधली विमानं थाटात सुरू होतात आणि दोन-तीन वर्षांत बंद पडतात. असं का? आणि उडानमध्ये 2,500 रुपयांत तिकीट म्हणतात ते आम्हाला कधीच का मिळत नाही? — एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: तुमचा राग समजतो, मलाही वाईट वाटतं कारण एक रूट बंद झाला की किती जणांचं गणित बिघडतं ते मी काउंटरवर बसून बघितलंय.

उडान, म्हणजे "उडे देश का आम नागरिक", ही योजना ऑक्टोबर 2016 मध्ये आली आणि पहिली विमानं 27 एप्रिल 2017 ला निघाली. सगळ्यांना शिमला-दिल्ली आठवतं, पण त्याच दिवशी आपलं नांदेड-हैदराबाद पण सुरू झालं होतं, हे ठाण्यात किती जणांना माहीत असेल! यात भाडं अंतरावर ठरतं. साधारण 500 किलोमीटर, म्हणजे तासाभराच्या उड्डाणाला 2,500 रुपयांची मर्यादा सुरुवातीला ठेवली होती, पुढे ती बदलत गेली. पण ही मर्यादा विमानातल्या सगळ्या सीटना नाही, साधारण निम्म्याच सीटना. त्या संपल्या की उरलेल्या सीटचं भाडं कंपनी ठरवते. म्हणून शेवटच्या आठवड्यात बघणाऱ्याला ते भाडं दिसत नाही. दीड-दोन महिने आधी बघा, मधल्या वारी बघा, मिळतं.

आणि बंद का पडतात, तर कंपनीला कमी भाड्यापायी होणारी तूट सरकार भरून देतं पण ती तीन वर्षं. तीन वर्षांनी ती मदत थांबते, त्या रूटवर फक्त त्याच कंपनीने उडायचं हा हक्कही जातो. तोपर्यंत पुरेसे प्रवासी मिळून रूट स्वतःच्या पायावर उभा राहिला असेल तर टिकतो, नाहीतर विमान दुसरीकडे जातं. त्यात छोट्या अंतराच्या रूटला एक जन्मजात अडचण असते. विमानाचं इंधन चढताना सगळ्यात वेगाने जळतं, विमानतळाचा खर्चही उड्डाण 300 किलोमीटरचं असो की 1,000 चं, होतोच. त्यामुळे छोट्या रूटवर दर किलोमीटरला खर्च जास्त पडतो, आणि शेजारी जर चांगली रेल्वे किंवा नवा रस्ता असेल तर भाडं वाढवायला जागा उरत नाही. माझं म्हणणं असं आहे की ज्या गावांना दुसरी धड सोय नाही तिथेच हा पैसा लागावा, आणि वेळापत्रक वर्षभर तरी तेच ठेवावं. आज सकाळी, पुढच्या महिन्यात दुपारी, मग आठवड्यातून तीनच दिवस, असं झालं की माणूस विमानावर विसंबणं सोडून देतो आणि मग प्रवासी नाहीत म्हणून ते बंद होतं.

प्रश्न: ठाण्याहून शिर्डीला विमानाने गेलेलं बरं का? सरळ अंतर कमीच आहे. — एक वाचक, खारेगाव

उत्तर: ठाण्याहून तरी नको. मुंबई-शिर्डी सरळ 172 किलोमीटर, हवेत पस्तीस-चाळीस मिनिटं, पण त्यासाठी आधी उलट्या दिशेला विमानतळावर जायचं, आणि शिर्डीचा विमानतळ काकडीला, तिथून परत गाडी. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून आमण्यापर्यंत पूर्ण खुला झालाय, आणि आमणे म्हणजे भिवंडीच्या पलीकडे, आपल्याच जिल्ह्यात. गाडी नसेल तर शिर्डीची वंदे भारत ठाण्याला थांबते.

प्रश्न: मी आठवीत आहे. जगातलं सगळ्यात छोटं विमान उड्डाण कुठलं आणि किती वेळाचं? आपल्याकडे असं होऊ शकतं का? — एक विद्यार्थी, कळवा

उत्तर: बाळा, फार छान प्रश्न विचारलास. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत, त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये रोजचं ठरलेलं विमान जातं. अंतर 2.7 किलोमीटर! वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात, आणि वारा चांगला असताना ते 53 सेकंदांतही पोचलंय. आठ प्रवाशांचं छोटंसं विमान आहे, दोन पंख्यांचं, ब्रिटन-नॉर्मन आयलंडर नावाचं. तिथे पूल नाही, समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे शाळेतले शिक्षक, डॉक्टर, पेशंट, सगळे त्याने ये-जा करतात.

आता तुलना कर. आपल्या उलव्याच्या विमानतळाची धावपट्टी 3,700 मीटर लांब आहे. म्हणजे तिकडचं अख्खं उड्डाण, उडणं आणि उतरणं धरून, आपल्या एका धावपट्टीवर मावतं आणि वर एक किलोमीटर शिल्लक राहतो.

आपल्याकडे एवढं छोटं होणार नाही, कारण 2.7 किलोमीटरला आपण रिक्षा करतो. पण तुला महाराष्ट्रातलं जवळजवळच्या विमानतळांचं अंतर काढायचं असेल तर वरती कोलशेतच्या काकूंना जी रीत सांगितलीय ती वापर. नाशिकचा विमानतळ ओझरला, अक्षांश 20.12, रेखांश 73.91. शिर्डीचा 19.69 आणि 74.38. अक्षांशाच्या अंशाला 111 धर, रेखांशाच्या अंशाला इथे 105 धर, कारण कोल्हापूरपेक्षा हे वर उत्तरेला आहे. वर्ग कर, बेरीज कर, वर्गमूळ काढ. मग त्याला 500 ने भागून एटीआरची मिनिटं काढ आणि त्यात माझी 20 मिळव. किती आलं ते वहीच्या पानावर पूर्ण रीत मांडून मला पाठव, पुढच्या अंकात छापते.